कर्जाचं नवं-जुनं आणि बँकांची तब्येत

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील माध्यमिक शाळेतून निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून आलेली रक्कम त्यांनी तीन ठिकाणी ठेवली: जिल्हा बँक, गावातली अर्बन बँक आणि जास्त व्याज देणारी एक मल्टिस्टेट पतसंस्था. मुलगी पुण्यात नोकरी करते. पेपरात तिला एकीकडे सरकारी बँकांच्या विक्रमी नफ्याच्या बातम्या दिसतात, दुसरीकडे अमुक बँकेवर निर्बंध आणि दारात खातेदारांची गर्दी. मग आपल्याकडच्या बँका नक्की कशा आहेत, आणि वडिलांच्या पैशांचं काय करायचं?

माझी नोकरी सरकारी बँकेच्या कर्ज आणि वसुली खात्यात गेली. निवृत्तीनंतर अर्बन बँकांच्या तपासणीची कामं करतो. त्यामुळे हे उत्तर कर्जाच्या बाजूने बँकेकडे बघणाऱ्याचं आहे. शेअर घ्यावेत की नाहीत हे मला कळत नाही.

आधी निकाल सांगून टाकतो. मोठ्या व्यापारी बँका आज दशकभरात नव्हत्या इतक्या धड आहेत. अर्बन बँका सरसकट चांगल्या किंवा वाईट म्हणता येत नाहीत, एकेक बघावी लागते. आणि मल्टिस्टेट पतसंस्था ही बँकच नाही, मग तिच्या पाटीवर काहीही रंगवलेलं असो.

आता कारणं. मार्च २०१८ मध्ये देशातल्या व्यापारी बँकांनी दिलेल्या दर शंभर रुपयांतले अकराहून जास्त रुपये थकीत होते. सरकारी बँका वेगळ्या काढल्या तर आकडा साडेचौदाच्या घरात जायचा. मार्च २०२५ अखेर सगळ्या व्यापारी बँका मिळून तो सव्वादोन-अडीच टक्क्यांच्या दरम्यान आला. २०१७-१८ मध्ये सरकारी बँकांना एकत्रित ८५ हजार कोटींच्या वर तोटा झाला होता. त्याच बँकांनी २०२४-२५ मध्ये १ लाख ७८ हजार कोटींचा नफा दाखवला. आपल्या घरचं उदाहरण घ्यायचं तर बँक ऑफ महाराष्ट्र. २०१७ च्या जूनमध्ये रिझर्व्ह बँकेने तिच्यावर 'पीसीए'चे, म्हणजे तब्येत बिघडलेल्या बँकेवर लागणारे, निर्बंध घातले. मार्च २०१८ ला तिचा एकूण एनपीए, म्हणजे थकीत कर्जाचं प्रमाण, १९ टक्क्यांच्या वर होता, म्हणजे पाचातला एक रुपया अडकलेला. आज तो दोन टक्क्यांच्या आत आहे आणि सरकारी बँकांमध्ये तिचं नाव वरच्या ओळीत घेतात. तिच्या पुण्यातल्या मुख्य कार्यालयातल्या, लोकमंगलमधल्या, ओळखीच्या मंडळींना २०१७ मध्ये हे सांगितलं असतं तर त्यांनी चहा मागवून विषय बदलला असता.

हे घडलं कसं, ते समजल्याशिवाय आज धोका कुठे आहे हे कळत नाही. त्यासाठी एका जुन्या प्रथेपासून सुरुवात करतो. तुमच्या वडिलांना ती नीट माहीत असेल.

गावच्या विकास सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरलं तर व्याजात सवलत मिळते. आपल्या राज्यात तीन लाखांपर्यंतच्या कर्जाला ती जवळजवळ शून्य टक्क्यापर्यंत जाते. पण मार्चमध्ये शेतकऱ्याच्या हातात पैसे असतातच असं नाही. उसाचं बिल यायचं असतं, तुरीला भाव नसतो. मग दोन दिवसांसाठी कुणाकडून तरी रक्कम उभी केली जाते, सोसायटीचा गटसचिव ती भरून घेतो, पावती फाटते, आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात तेवढंच किंवा थोडं जास्त कर्ज पुन्हा उचललं जातं. ज्याने दोन दिवस पैसे दिले त्याला त्याचा मोबदला मिळतो. याला सगळे 'नवं-जुनं' म्हणतात. कागदावर वसुली शंभर टक्के असते आणि प्रत्यक्षात एक रुपयाही परत आलेला नसतो. यात शेतकरी लबाड आहे असं मी म्हणणार नाही. नियमाची तारीख आणि शेताची तारीख जुळत नाही, एवढीच ती गोष्ट आहे. पण बँकेच्या बाजूने पाहिलं तर पुढची दहा वर्षं ती त्या कर्जाला चांगलं कर्ज समजत राहते. एखाद्या वर्षी दुष्काळ पडला, नवं-जुनं झालं नाही, की सगळी थकबाकी एकदम उघडी पडते.

हेच मोठ्या उद्योगांच्या बाबतीत कोट घालून झालं. २००५ ते २०११ या काळात पोलाद, वीज आणि रस्त्यांच्या प्रकल्पांना बँकांनी हात सैल सोडून कर्ज दिलं. पुढे कोळसा मिळेना, जमीन मिळेना, मंजुऱ्या अडकल्या, पोलादाचे भाव पडले. कर्जदार येऊन सांगायचा, हप्ता जमत नाही. तेव्हा बँकांकडे 'कॉर्पोरेट डेट रिस्ट्रक्चरिंग' नावाची सोय होती. मुदत वाढवायची, दोन वर्षं हप्ता थांबवायचा, आणि या काळात साचणाऱ्या व्याजाचं वेगळं कर्ज काढून द्यायचं. आम्ही त्याला 'एफआयटीएल' म्हणायचो. समजा वर्षाला चाळीस कोटी व्याज येणं आहे आणि ते येत नाही. मग चाळीस कोटींचं नवं कर्ज मंजूर करायचं, त्यातून व्याज जमा करून घ्यायचं. बँकेच्या उत्पन्नात चाळीस कोटी, कर्जात चाळीस कोटींची वाढ, खातं 'स्टँडर्ड', सगळे खूश. पुनर्रचना केलेलं कर्ज चांगलंच धरायला त्या काळात नियमांतही मुभा होती. मंजुरीच्या नोटवर एका बाजूला दहा-बारा सह्या असायच्या आणि त्यांतल्या प्रत्येकाला माहीत असायचं की हे पैसे परत येणार नाहीत. पण ज्याच्या कारकिर्दीत खातं एनपीए होईल त्याची बढती जाईल, हेही माहीत असायचं. त्यामुळे खातं पुढच्या साहेबाकडे सरकत राहायचं.

हे थांबवायला दोन-तीन गोष्टी एकामागून एक झाल्या. एप्रिल २०१५ पासून पुनर्रचित कर्जाला मिळणारी सवलत काढून घेतली. त्याच वर्षी रघुराम राजन गव्हर्नर असताना रिझर्व्ह बँकेने बँकांच्या मालमत्तेच्या, म्हणजे दिलेल्या कर्जांच्या, गुणवत्तेची खास तपासणी लावली. पाच कोटी आणि त्यावरच्या कर्जांची माहिती एव्हाना एका ठिकाणी जमत होती. त्यामुळे एक बँक ज्याला थकीत म्हणते त्याच कर्जदाराला दुसरी बँक उत्तम म्हणते, ही चैन संपली. आकडे फुगले ते त्यानंतर. लोकांना वाटलं बँका २०१६ मध्ये बिघडल्या. बिघडल्या होत्या चार-पाच वर्षं आधीच, २०१६ मध्ये त्या कबूल झाल्या.

मग २०१६ चा दिवाळखोरी कायदा आला. जून २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने बारा बडी खाती या कायद्याखाली पाठवायला लावली. एकूण एनपीएतला साधारण चौथा हिस्सा या बारा खात्यांत होता. भूषण स्टील २०१८ मध्ये टाटा स्टीलकडे गेली, एस्सार स्टील बरीच कोर्टबाजी होऊन २०१९ च्या शेवटी आर्सेलरमित्तलकडे. सगळ्याच प्रकरणांत चांगली वसुली झाली नाही. बऱ्याच ठिकाणी बँकांच्या हाती रुपयातले तीस पैसेसुद्धा लागले नाहीत. तरी वसुली खात्यात बसून मला जाणवलेला फरक वेगळा होता. पूर्वी बड्या प्रवर्तकाला फोन केला की तो 'पुढच्या तिमाहीत बघू' म्हणायचा. आता कंपनीच हातची जाऊ शकते म्हटल्यावर त्याचा माणूस आधी फोन करायला लागला.

चौथी गोष्ट फारशी कुणी बोलत नाही, पण मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. खातं एनपीए करण्याचा निर्णय माणसाच्या हातून काढून संगणकाकडे दिला गेला. २०२१ पासून बँकांमध्ये दिवसअखेरची प्रक्रिया चालते तेव्हा प्रणालीच थकीत दिवस मोजते. नव्वद दिवस उलटले की खातं आपोआप एनपीए. शाखाधिकाऱ्याला मधे हात घालता येत नाही, घातला तर त्याची नोंद राहते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने आणखी एक पळवाट बुजवली. आधी एनपीए झालेल्या खात्यात व्याजापुरते पैसे भरले की ते पुन्हा चांगलं दाखवायचे. आता पूर्ण थकबाकी भरल्याशिवाय खातं वर येत नाही. ३१ मार्चच्या रात्री शाखेत बसून 'एवढं खातं कसंही करून वाचवा' म्हणणारे झोनल ऑफिसचे फोन ज्यांनी घेतले आहेत, त्यांना याची किंमत कळेल.

आता या सुधारणेतलं पाणीही सांगायला हवं. एनपीए कमी झाला याचा अर्थ सगळे पैसे परत आले असा नाही. २०१४-१५ पासूनच्या दहा आर्थिक वर्षांत बँकांनी १६ लाख ३५ हजार कोटींची कर्जं 'राइट ऑफ' केली, हे सरकारने संसदेत सांगितलेलं आहे. राइट ऑफ म्हणजे कर्ज ताळेबंदातून काढून टाकणं. ती कर्जमाफी नाही, वसुली चालू ठेवता येते, हे खरं. पण त्यातली प्रत्यक्ष वसुली थोडी असते, हेही तितकंच खरं. हा खड्डा भरायला २०१६-१७ पासूनच्या पाच वर्षांत सरकारने आपल्या बँकांमध्ये सुमारे तीन लाख कोटींचं भांडवल घातलं. म्हणजे तुम्ही-आम्ही घातलं. विलीनीकरणं झाली, सत्तावीसच्या बारा सरकारी बँका उरल्या. त्यावर बरीच शाई खर्च झाली आहे. माझ्या मते तब्येत सुधारण्यात त्याचा वाटा थोडाच, फक्त पाट्या आणि आयएफएससी कोड बदलले.

हे सगळं व्यापारी बँकांचं. अर्बन बँकांकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तिथे आहे.

देशात आज दीड हजाराच्या आसपास अर्बन बँका आहेत आणि त्यातल्या जवळपास एक तृतीयांश एकट्या महाराष्ट्रात. १९०६ ची कॉसमॉस, १९१८ ची सारस्वत अशा शंभरी ओलांडलेल्या बँका त्यात आहेत आणि एका बाजारपेठेपुरत्या दोन शाखांच्या बँकाही. ज्या दुकानदाराला सरकारी बँकेत कुणी खुर्ची दिली नसती त्याला यांनी कर्ज दिलं. व्यवस्थापकाला माहीत असतं की या माणसाचा धंदा कसा आहे, मुलगा काय करतो, जामीनदार किती वजनाचा आहे. हीच त्यांची ताकद. आणि संचालकाचा माणूस म्हणून कागद न बघता मंजूर होणारं कर्ज, ही तिचीच दुसरी बाजू.

पीएमसी बँकेचं प्रकरण बहुतेकांना आठवतं. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्देश दिले आणि खातेदाराला सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येतील असं जाहीर झालं. बँकिंग कायद्यातल्या ज्या कलमाखाली असे निर्देश येतात त्यावरून आमच्या भाषेत '३५ अ लागलं'. त्या बँकेच्या मार्च २०१९ च्या अहवालात नफा होता आणि एकूण एनपीए चार टक्क्यांच्या आत. प्रत्यक्षात कर्जातला सत्तर टक्क्यांहून जास्त भाग एचडीआयएल या एकाच बांधकाम समूहात अडकला होता. ती मूठभर खाती तपासणीत दिसू नयेत म्हणून रिझर्व्ह बँकेला द्यायच्या यादीत त्यांच्या जागी एकवीस हजारांवर छोटी बनावट खाती घातली होती. खातेदार अहवाल वाचत बसला असता तरी त्याला काही कळलं नसतं, हे मान्य करायला हवं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. ज्यांच्या ठेवी पाच लाखांच्या वर होत्या त्यांची उरलेली रक्कम दहा वर्षांपर्यंतच्या टप्प्यांत मिळण्याची योजना झाली. सत्तरीतल्या माणसाला दहा वर्षं थांबायला सांगणं म्हणजे काय ते तुम्हीच ठरवा.

न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत फेब्रुवारी २०२५ मध्ये जे निघालं ते तर चक्रावून टाकणारं होतं. तपासणीत पुस्तकात असलेली १२२ कोटींची रोकड तिजोरीत नव्हती. कर्ज लपवायला कसब लागतं. रोकड मोजणं हे तपासणीतलं सगळ्यात सोपं काम आहे, सीएच्या हाताखाली शिकणाऱ्या नवशिक्या आर्टिकललाही ते देतात. अचानक जायचं, तिजोरी दोन किल्ल्यांनी उघडायला लावायची, पुडके मोजायचे, रजिस्टरशी ताडायचे, सही करायची. ज्या शाखेचा रोजचा व्यवहार लाखांत आहे तिथे पुस्तकात कोट्यवधींची रोकड का पडून आहे, हा प्रश्न तर मोजायच्याही आधी पडायला हवा. रोकडीवर व्याज मिळत नाही, कोणतीही शहाणी बँक ती साठवून ठेवत नाही. इथे नियम कमी नव्हते, ते पाळले गेले आहेत का हे बघणारे कमी पडले. ही बँक ४ ऑगस्ट २०२५ ला सारस्वतमध्ये विलीन झाली.

पण इथेही चित्र पालटलं आहे, ते सांगणं न्यायाचं होईल. पुण्याच्या रुपी बँकेवर फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध आले आणि तिचा परवाना रद्द व्हायला २०२२ साल उजाडलं. मधली साडेनऊ वर्षं खातेदार हेलपाटे घालत होते. कारण सहकारी बँकेवर अर्धी सत्ता रिझर्व्ह बँकेची आणि अर्धी राज्याच्या सहकार खात्याची, कुणीच शेवटचा निर्णय घेईना. २०२० च्या कायदा दुरुस्तीने रिझर्व्ह बँकेला संचालक मंडळापर्यंत हात घालता यायला लागला. एका कर्जदाराला आणि एका समूहाला किती कर्ज द्यायचं याच्या मर्यादा आवळल्या. २०२१ पासून निर्बंध आलेल्या बँकेच्या खातेदाराला विम्याची रक्कम नव्वद दिवसांत मिळण्याची तरतूद झाली. २०२१ मध्ये अर्बन बँकांचा एकत्रित एनपीए बारा टक्क्यांच्या वर गेला होता, तो आता निम्म्यावर आहे.

जिल्हा बँकांबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे अर्थशास्त्रापेक्षा जिल्ह्याचं राजकारण कळावं लागतं. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यातल्या बँका आणि नागपूर, वर्धा, बुलडाणा, नाशिकच्या बँका यांची तुलनाच होत नाही. कर्जमाफीची चर्चा सुरू झाली की वसुली थांबते, नोटाबंदीत जमा केलेल्या जुन्या नोटा काही बँकांच्या गळ्यात पडल्या, आणि साखर कारखान्याला दिलेलं कर्ज हा सगळ्यात मोठा भार. साखर तारणाचं एक सांगतो. गोदामात पोत्यांच्या थप्प्या असतात. बाहेरून लांबी, रुंदी, उंची मोजून पोती किती ते काढतात. मी एकदा एका थप्पीवर शिडी लावून चढलो, तर वरून मधे विहिरीसारखी जागा रिकामी दिसली. कागदावर ती थप्पी भरीव होती आणि त्यावर उचल दिलेली होती. गोदामपाल म्हणाला, साहेब, वर कुणी चढत नाही.

आता पुढचा धोका कुठे दिसतो? उद्योगांकडून चटके बसल्यावर बँका व्यक्तींकडे वळल्या. घर, गाडी, वैयक्तिक कर्ज, क्रेडिट कार्ड, सोनेतारण मिळून बँकांच्या एकूण कर्जातला साधारण तिसरा हिस्सा आज यात आहे. विनातारण कर्ज फार वेगाने वाढतंय असं दिसल्यावर रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२३ मध्ये त्यासाठी जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं, तेव्हा थोडा लगाम बसला. मायक्रोफायनान्समध्ये २०२४-२५ मध्ये जोराचा फटका बसला. एकाच बाईला चार-चार संस्थांनी कर्ज दिलेलं, सोमवारी एकाचा हप्ता, मंगळवारी दुसऱ्याचा. दुसऱ्या संस्थेचं कर्ज काढून पहिलीचा हप्ता भरायचा. नवं-जुनं, फक्त आता सोसायटीच्या ऑफिसऐवजी मोबाईलवर.

सोनेतारणाकडे माझं जास्त लक्ष आहे. सोन्याचा भाव चढतोय तोवर वर्ष संपलं की तेच दागिने नव्या भावाने मोजायचे, वाढीव कर्ज काढायचं, त्यातून जुनं व्याज भरायचं. कर्जदाराच्या खिशातून काहीच जात नाही आणि थकबाकी शून्य. रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२४ मध्ये यावर कानउघाडणी केली आणि जून २०२५ मध्ये नवे नियम काढले. भाव वीस-पंचवीस टक्क्यांनी उतरून वर्षभर तिथेच राहिला तर कुणाची कर्जं खरी होती ते कळेल. ज्या छोट्या बँकेने दोन-तीन वर्षांत अचानक सोनेतारण दुपटीने वाढवलं असेल तिच्याबद्दल मी सावध असतो.

दुसरी अडचण ठेवींची. लोक आता एसआयपी करतात, म्हणजे म्युच्युअल फंडात दरमहा पैसे घालतात, महिन्याला पंचवीस हजार कोटींच्या वर रक्कम तिकडे जाते. बचत खात्यावर अडीच टक्के व्याज देऊन माणूस थांबेल कशाला? शाखेतल्या पोरांना ठेवींचं टार्गेट, विम्याचं टार्गेट, कार्डाचं टार्गेट. तुमचे वडील एफडी करायला गेले आणि विमा पॉलिसी घेऊन परत आले तर आश्चर्य वाटू देऊ नका, पण पंधरा दिवसांत ती परतही करा. कागदी पॉलिसीला पूर्वी पंधरा दिवसांचा 'फ्री लुक', म्हणजे पॉलिसी परत करायची मुदत, असायचा, २०२४ पासून तो तीस दिवसांचा झाला आहे.

आता वडिलांच्या पैशांबद्दल.

ठेवीवरचा विमा पाच लाखांचा आहे, फेब्रुवारी २०२० पासून. त्याआधी १९९३ पासून तो एक लाखच होता. ही मर्यादा एका माणसाला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून आहे. वडिलांच्या एकट्याच्या नावावर एक, आई पहिली आणि वडील दुसरे अशा संयुक्त नावावर दुसरं, असं असेल तर दोन्हींना वेगळं संरक्षण मिळतं. म्हणून अर्बन बँकेत मुद्दल साडेचार लाखांच्या आसपास ठेवा म्हणजे व्याजही आत बसेल. जिल्हा बँकेलाही हाच विमा लागू आहे.

अर्बन बँक कशी आहे ते बघायचं तर सप्टेंबरमधल्या वार्षिक सभेआधी निघणारा अहवाल मागा. वडील सभासद असतील तर तो घरी येतच असेल आणि बहुधा रद्दीत जात असेल. अध्यक्षांचं मनोगत आणि सत्कारांचे फोटो सोडून द्या. 'ऑडिट वर्ग अ' हा शिक्का पाहून भुलू नका, बुडालेल्या बऱ्याच बँकांनी तो मिरवला आहे. शेवटी बारीक अक्षरात रिझर्व्ह बँकेने सांगितलेल्या माहितीचा तक्ता असतो, तो वाचा. एकूण एनपीए तीन वर्षांत कुठून कुठे गेला आणि त्यातला किती वसुलीने, किती राइट ऑफने कमी झाला. भांडवल पर्याप्तता, म्हणजे जोखमीच्या कर्जांच्या मानाने बँकेचं स्वतःचं भांडवल, बारा टक्क्यांच्या पुढे आहे का. संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांकडे येणं किती. २००३ पासून अशी कर्जं बंद आहेत, ठेवतारणासारखे अपवाद सोडून, त्यामुळे इथे मोठा आकडा असेल तर प्रश्न विचारायचाच. मग ताळेबंदाच्या 'जिंदगी व येणी' बाजूला 'येणे व्याज' आणि 'इतर येणी' या दोन ओळी. कर्ज दहा टक्क्यांनी वाढलं आणि येणं व्याज चाळीस टक्क्यांनी, तर व्याज उत्पन्नात धरलं जातंय पण हातात येत नाही. माझ्या तपासणीत मी पहिलं बोट याच ओळीवर ठेवतो.

मल्टिस्टेट पतसंस्थेचं मात्र तातडीचं आहे. तिच्यावर रिझर्व्ह बँकेची देखरेख नाही, ठेवीला विमा नाही. नोंदणी दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांकडे, म्हणजे तक्रार करायची तर तालुक्याचा सहाय्यक निबंधक हात वर करतो. मराठवाड्यात आणि खानदेशात अशा संस्थांत लोकांची आयुष्यभराची पुंजी गेली आहे. २०२५ मध्ये रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून सव्वापाचवर आला, चांगल्या बँका साडेसहाच्या आसपास देतात. अशा वेळी कुणी अकरा-बारा टक्के देत असेल तर ती संस्था पुढे कर्ज पंधरा-सोळाने तरी देत असली पाहिजे. एवढ्या व्याजाने कोण कर्ज घेतं आणि का, याचा विचार करा. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत पोस्टात ८.२ टक्के मिळतात, तीस लाखांपर्यंत, सरकारच्या हमीवर. एवढं असताना निवृत्त शिक्षकाने पतसंस्थेत पैसे ठेवायचं कारण मला तरी सापडत नाही.

ठेव मुदतीआधी मोडायला गेलात तर ते व्याज कापतील, कापू द्या. 'चेअरमन बाहेरगावी आहेत, पुढच्या आठवड्यात या' असं दोनदा ऐकलंत तर तिसऱ्यांदा तोंडी बोलू नका. लेखी अर्ज द्या, दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या, मूळ ठेव पावती हातात देण्याआधी तिचे दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. धनादेश दिला तर त्याच दिवशी बँकेत भरा. आणि अर्धी रक्कम आत्ता, अर्धी नवीन पावतीवर असा तोडगा पुढे केला तर तो घेऊ नका.